कातरणीचे घास

अंबाजोगाई,
१२ जानेवारी २०२५

चि. अंगद यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर आजाराचं नाव काढलं, की तू मेंढरांचे भाव सांगायला लागतोस, म्हणून हे पत्र. बबिता सांगत होती, हातातला घास सांडतो म्हणून तू अर्ध्या भाकरीवर उठतोस आणि ती भरवायला आली की तोंड फिरवतोस. अरे, गिळायला अजून काही त्रास नाही ना? मग उपाशी कशाला राहतोस? वजन उतरलं की हा आजार जास्त जोर धरतो, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोरच बजावलं होतं.

हातपाय हलवणाऱ्या चेतापेशी आपल्या पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत असतात. त्या एकट्या आपल्याच जिवावर जगत नाहीत. शेजारच्या ग्लिया पेशी रक्तातली साखर घेतात, तिचं लॅक्टेट करतात आणि त्यांना पुरवतात. तुझ्या आजारात त्या चेतापेशी झिजत जातात आणि हा पुरवठाही बिघडतो. इतकी वर्षं मी हे कॉलेजात शिकवते, पण हल्ली फळ्यावर मज्जारज्जू काढला की तूच दिसतोस. तिथलं मला काही दुरुस्त करता येत नाही रे. निदान पोटात चार घास तरी जाऊ देत.

तुझी काळजी वाहणारी,
वनमालाअक्का

नांदूरघाट,
२० जानेवारी

ती. अक्कास अंगदचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. अक्षर बबिताचं, बोलणं माझं. तुझ्या त्या ग्लिया लई भल्या दिसतात. पण त्या आतल्या आत भरवतात, कोणाला दिसत नाहीत. मला इथं ओसरीवर, आल्यागेल्यासमोर, बायकोपुढं तोंड उघडावं लागतं. परवा माझ्यासंगं मेंढरं राखणारा आप्पाराव आला होता. बबितानं घास पुढं केला, तर त्यानं मान खाली घातली. मेंढरू खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारा माणूस मी. मला लाज वाटते, अक्का. भूक लागते, पण खाववत नाही.

रागावू नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
अंगद

अंबाजोगाई,
२७ जानेवारी

चि. अंगद यास आशीर्वाद.

वि. वि. रागावले नाही, आपल्या माळावरची कातरणी आठवत बसले. दादा आणि बाकीचे गडी रांगेनं बसायचे, प्रत्येकाच्या मांडीत एक मेंढी, हात लोकरीच्या तेलकट मळानं काळे झालेले. सुटली, तर अर्धी कातरलेली मेंढी माळभर पळणार, म्हणून जेवायला कोणी उठायचं नाही. मग बायका भाकरी-ठेचा घेऊन यायच्या आणि आपापल्या माणसाला भरवायच्या. आईनं घास पुढे केला, की दादा तर न बघताच तोंड उघडायचे. तू पहिल्यांदा कातर धरलीस, तेव्हा आई तुला भरवत होती आणि घाईघाईत तू तिचं बोट चावलंस. ते बोट ती आठवडाभर गावाला दाखवत होती.

त्या रांगेत कोणी लाजल्याचं मला आठवत नाही. यंदा तूही जाऊन बस. परीक्षांमुळे मला येता येणार नाही, पण जीव तिकडेच असेल.

तुझी,
अक्का

नांदूरघाट,
५ मार्च

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

वि. वि. कातरणी झाली. आप्पारावनं मला उचलून रांगेत बसवलं आणि मांडीत एक म्हातारी मेंढी दिली. ती कुठं पळणार आणि मी तरी कुठं! कातर नव्हतीच, नुसते हात लोकरीत ठेवले. ऊब तीच होती गं, आपल्या वेळची. आई आता येईल असं वाटत राहिलं.

बायका आल्या, तेव्हा आप्पारावचं तोंड आधीच उघडं होतं. मग मीही दादांसारखं, न बघता, उघडलं. थोड्या वेळानं आप्पारावनं विचारलं, की काय रं, आमच्या वाटणीची भाकर बी तूच खातो का. विचारताना त्याची मान वर होती.

पुढच्या कातरणीला ये. तोवर अशीच आठवण ठेव.

तुझा,
अंगद

ता. क. वन्सं, हे त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही. शेवटच्या घासाला त्यांनी मुद्दाम माझं बोट चावलं. — बबिता