कपाटावरचा माणूस

कोल्हापूर,
१६ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप आक्कास,
धाकट्या बयाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे, दाजींचा खोकला गेला का, आजऱ्यात काजूला मोहर बरा आहे का, सगळं कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खुशाल कुणीच नाही.

ह्यांचा भाचा बाळासो (तोच, पुण्याला पिक्चर शिकायला गेलेला) दिवाळीत आमच्याकडे होता. भाकरी वाढताना मी त्याला मला पडलेलं एक स्वप्न सांगितलं. स्वयंपाकघरात कळंब्याचं तळं शिरलंय, ताटल्या तरंगताहेत, मी गुडघाभर पाण्यात चूल पेटवतेय आणि ती पेटतेय. कपाटावर हे बसलेत ओल्या धोतरानं, आणि म्हणताहेत, "मीठ कमी पडलंय." एवढंच. मेल्यानं तिसरी भाकरी संपवली आणि वही काढली!

गेल्या रविवारी त्यानं त्या स्वप्नाचाच पिक्चर करून दाखवला. हॉल घेऊन, सगळ्या गल्लीला बोलावून. वर उभं राहून सांगितलं, "हे माझ्या मामीचं स्वप्न आहे." पंधरा मिनिटं, ना गाणं, ना गोष्ट. माझ्या जागी कॉलेजातली एक पोरगी (भाकरी अशी उचलत होती, जणू विंचूच). तेही सोसलं असतं. पण कपाटावर कोण बसवला? उंच, शेलाटा, झुपकेदार मिशांचा बाप्या! आमचे हे कसे आहेत तुला ठाऊक आहे (बुटके, गोल, आणि लग्नाच्या आधीपासून सफाचट).

मागून धोंडुबाई ओरडली, "बया, ह्यो पावणा कोन गं तुझ्या कपाटावर?" अख्खा हॉल हसला. वर पुण्याचे एक साहेब उठून म्हणाले, कपाट म्हणजे बाईचं अंतर्मन, आणि वरचा माणूस म्हणजे तिची दडपलेली इच्छा. अंतर्मन! माझ्या कपाटात रजया आहेत आणि दोन जुनी लुगडी. स्वतःच्या बायकोच्या कपाटात काय असतं ते बघ म्हणावं आधी!

हे चार दिवस येता-जाता कपाटाकडे बघत होते. परवा एकदम विचारलं, "त्यो कोन हुता?"

"नट हाय की कुणीतरी सांगलीचा."

"त्यो न्हाय. सपनातला."

"तुम्हीच की!"

तर काय केलं असेल? स्टूल घेतलं आणि आपण मावतो का बघायला कपाटावर चढायला लागले. या वयात! दार निखळलं, हे रजयांच्या ढिगावर. कंबर लचकली. शेक देताना मला हसू यायच्या आधी रडू आलं.

बाळासोला बजावलंय, या घरात जेवायचं असेल तर वही बाहेर ठेवून ये.

तुझी,
बया

ता. क. हे पत्र दाजींना वाचून दाखवू नकोस.

ता. क. दुसरा. एक लिहायचं राहिलं. बाळासोनं तेव्हा विचारलं होतं, "मामी, कपाटावर मामा दिसत कसं हुतं?" आणि मी वाढण्याच्या नादात बोलून गेले, उंच, शेलाटे, मिशा. पोरानं ऐकलं तेच दाखवलं. आक्का, ते पेठ वडगावचे गणपतराव होते गं, ज्यांचं स्थळ आप्पांनी परत पाठवलं. तीस वर्षांत कधी आठवण काढली असेल तर शपथ. तू पुढच्या महिन्यात लग्नाला वडगावला जाणार आहेस ना? विचारू कुणाला नकोस. नुसतं बघून ये, आणि बरे आहेत का तेवढं लिही. पण कार्डावर नको, पाकिटात घाल. कार्ड आधी ह्यांच्या हाताला लागतं.