पाऊण वाजताची भरती

११ नोव्हेंबर २०१३, सोमवार. अझैबा, मस्कत.
उद्या पहाटे निघणार! मित्र झुबेरची शिडाची बोट, मस्कत ते मसिरा बेट. बोटीवर चौघं: झुबेर, त्याची बायको खुदेजा, मी आणि माझी बायको जसिंता.
आतली गोष्ट फक्त इथे लिहितो. जानेवारीत झुबेर आणि खुदेजा बोट घेऊन थेट रत्नागिरीला जाणार आहेत. तिसरा माणूस हवाय. एकच. ही ट्रिप म्हणजे परीक्षा. मी वसईचा, पाचूबंदरचा. आजोबा तांडेल, स्वतःची होडी. सात वर्षं मस्कतला फोटोकॉपी मशीनं विकली म्हणून रक्त बदलत नाही. सीट आपलीच.
जसिंताला स्वयंपाकासाठी घेतलंय.

१३ नोव्हेंबर. समुद्रात.
ॲसिडिटी. ॲसिडिटीच, कारण बोट मला लागूच शकत नाही. दोष सुकटीच्या चटणीचा. जसिंता म्हणाली, तीच चटणी बाकी तिघांनीही खाल्ली. वाद घातला नाही. तोंड उघडणं धोक्याचं होतं.
संकल्प: उद्यापासून सुकाणू माझ्या हातात.

१४ नोव्हेंबर.
सुकाणू उद्या.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. मसिरा.
जमीन! किती छान, स्थिर, सभ्य जमीन!
ताबडतोब भाड्याची गाडी शोधली. गॅरेजवाला जमाल जुम्म्याची नमाज आटोपून आला, जुन्या कोरोलाची किल्ली हातात दिली आणि म्हणाला, कागद नंतर, इन्शाल्ला. झुबेरला सांगितलं की मुरलेला दर्यावर्दी बेटाचा अभ्यास आधी जमिनीवरून करतो. तो हसला. इम्प्रेस झाला असावा.

१६ नोव्हेंबर, शनिवार.
काय दिवस! जसिंता आणि खुदेजाला घेऊन अख्ख्या बेटाला वळसा. समोरून आलेल्या गाड्या तीन, उंट अकरा. उंटांनी साइड दिली नाही, मी दिली. एकीकडे डोंगर, एकीकडे समुद्र, रस्ता आपल्या बापाचा. उथळ पाण्यात फ्लेमिंगो, वाळूत कासवांच्या ओरखड्यांची वाट. खिडक्या उघड्या, मी बेसूर गातोय. जसिंताची टोपी उडाली तेव्हा ती इतकी हसली की टोपी कुठे गेली ते कोणी बघितलंच नाही. लग्नानंतर तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर.
झुबेरने शिडं शिकायला बोलावलं. म्हणालो, बेटाचं दक्षिण टोक नीट बघायचं राहिलंय. जसिंता मात्र थांबली. बरंच झालं. थोडं शिकली तर माझ्या हाताखाली उपयोगी पडेल.
दुपारी गाडीत झोपलो. सीट हलत नाही. अप्रतिम गाडी.

१८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.
आज झुबेर बोट पुढच्या किनाऱ्याला आणणार. मी गाडीने आधीच हजर. फोटो असा: मी, गाडी, मागे शिडं. म्हणून गाडी थेट खाली वाळूवर नेली. मासे वाळवणाऱ्या एका म्हाताऱ्याने हातवारे करून सांगितलं, दहापर्यंत इथे पाणी येईल.
त्याला काय माहीत! आजोबांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. काल पौर्णिमा, आज प्रतिपदा. एकाची पाऊणपट. पाऊण वाजता पूर्ण भरती. अकरापर्यंत चाकांना थेंब लागणार नाही. जरा पडतो.

१०.२०
चाकं बुडाली. आजोबांचा हिशोब चुकणं शक्य नाही. पाणीच लवकर आलंय.

दुपारी ४.
गाडी बाहेर निघाली. म्हाताऱ्याने पिकअप आणली. दोराची गाठ मी मारली, सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तेवढ्यात बोट आली. जसिंता कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली आणि काहीतरी दोन वेढे दिले. गाडी सरळ वर. झुबेर म्हणाला की पाऊणपट वसईला चालते, इथली वेळ वेगळी, टाइड टेबलमध्ये छापलीय. टाइड टेबल तीन दिवस माझ्याच उशाखाली होतं.
जमालने बॉनेट उघडलं, आत बघितलं, 'खलास' म्हणाला. मी माफी मागितली, तर त्याने मलाच खजूर आणि कावा, म्हणजे इथली कडू कॉफी, दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ नोव्हेंबर.
झुबेरने रत्नागिरीसाठी विचारलं. जसिंताला.
ती माझ्याकडे आली. जाऊ का, म्हणाली. नाही म्हणायला माझ्याकडे सहा कारणं तयार होती, सहाही चांगली. पण ती ओढणीच्या टोकाला गाठी मारत आणि सोडवत उभी होती, शाळेतल्या पोरीसारखी. जा म्हणालो.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे तिला सांगणार नाही.

२० नोव्हेंबर. सकाळी ७.
ऑफिसचं अर्जंट काम निघालंय (निघेलच), म्हणून मी फेरीबोटीने आणि पुढे टॅक्सीने परत. धक्क्यावर उभा आहे. बोट आत्ताच सुटली, सुकाणूवर जसिंता. अनुभवी माणूस म्हणून मी ओरडून सांगितलं, डावीकडे घे, डावीकडे!
तिने उजवीकडे घेतलं. बरोबर घेतलं.