मोडून दाखवायची बंदूक

आप्पा, मला नवीन पिस्तूल मिळालंय. तुम्ही असता तर आधी तळहातावर घेऊन वजन बघितलं असतं आणि मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला असता, "हे काय, वांगं हाय का?" साध्या कपड्यांतल्या कामासाठी दिलंय. मूठ इतकी आखूड की माझी करंगळी खाली नुसती लोंबकळते, आणि कुर्त्याखाली कमरेला लावलं की नेवाशाच्या बाजारात भाजीवालीलाही पत्ता लागत नाही. सुरुवातीला मी सारखा हात नेऊन चाचपायचे, आहे ना म्हणून. जुनं दिवसभर टोचायचं, त्यामुळे त्याचा विसर पडत नसे. हे टोचत नाही, आणि मला ते फार आवडलं. जुन्याला मागे घोडा होता. गोळी भरून तो चढलेला असला की अंगठ्याला लागायचा, आत गोळी आहे हे कळायचं. याचा घोडा आत आहे, पाठ अगदी सपाट. शस्त्रागारातल्या आर्मररने बजावलं होतं, "मॅडम, याला वरून कळत नाही, वरची स्लाईड मागे ओढूनच आत गोळी आहे का बघायचं." मी हो हो म्हटलं. फौजदार झाल्यापासून हो हो म्हणायची मला भारी सवय लागलीय.

पिस्तूल कपाटात ठेवताना तुमची दुनळी बंदूक आठवते. बँकेच्या दारात स्टुलावर तुम्ही, आणि गुडघ्याला टेकून उभी ती. नदीकडच्या वस्त्यांवरून पेन्शनीला येणाऱ्या म्हाताऱ्या तुम्हाला रामराम घालायच्या आणि तिच्यापासून चार हात लांबून आत जायच्या. साऱ्या नोकरीत तुम्ही एकही बार काढला नाहीत. जेवणानंतर डुलक्या मात्र भरपूर काढल्यात. आई चिडवायची, "बंदूक जागी ऱ्हाती, राखनदार झोपतो." पण संध्याकाळी सायकलवरून उतरलात की तुम्ही उंबऱ्याबाहेर थांबायचात. कळ दाबून बंदूक मधोमध मोडायची, काडतुसं सदऱ्याच्या खिशात टाकायची, रिकाम्या नळ्या आभाळाकडे धरायच्या आणि मला हाक मारायची. "बघ गं पोरी, दोन्ही चंद्र दिसत्यात का?" मी एक डोळा मिटून बघायचे. नळीच्या पार टोकाला उजेडाचं गोल भोक, शेजारी दुसरं. "दिसत्यात." "मग चल घरात." माझ्या होकाराशिवाय बंदूक घरात येत नाही, याचा मला केवढा तोरा होता!

तो एका दिवाळीत उतरला. टिकल्यांच्या पिस्तुलाने मी चुलतबहिणीच्या कपाळावर नेम धरला होता. तुम्ही ते हिसकावलंत आणि सरळ हौदात टाकलंत. "मानसाकडं तोंड करायचं न्हाई. खोटं आसलं तरी न्हाई." यात टिकल्याच नाहीत, असं मी रडून सांगितलं, तर म्हणालात, "ते तुला ठावं. तिला ठावं हाय का?" सगळ्या पोरांसमोर बोललात म्हणून मला फार राग आला होता. दिवाळीचे लाडूही मी तुमच्या हातून घेतले नाहीत.

आता यंदाच्या खंडेनवमीचं सांगते. तुमच्या फोटोखाली आईने नेहमीसारखा पाट मांडला होता. त्यावर विळा, खुरपी, तिची शिवणाची कात्री. तुम्ही असताना मोडलेली दुनळीही तिथेच असायची, आणि मोडलेली नसेल तर आई तिला कुंकू लावायची नाही. मी सकाळपासून नाकाबंदीला होते. गाडीतून हत्यारं येणार अशी खबर होती, म्हणून पिस्तुलात गोळी चढवून उभी राहिले होते. कोणी आलं नाही. घरी आले, गोळ्यांचं मॅगझीन काढून बाजूला ठेवलं. अंगठा सवयीने मागे फिरला, काही लागलं नाही, मनाने मानून घेतलं की रिकामं आहे. पिस्तूल झेंडूच्या फुलांत ठेवलं.

आई कुंकवाचा करंडा घेऊन पाटापलीकडे बसली होती. म्हणाली, "मोडून दाव."

"आई, हे मोडत न्हाई. रिकामं हाय."

"तुझे आप्पा बी रोज रिकामीच आनायचे. तरी दावायचे."

मी हसून पिस्तूल उचललं. "आतलं दाव मला," ती हटूनच बसली. मी स्लाईड ओढली. मॅगझीन काढल्यावरही नळीत राहिलेली एक गोळी बाहेर उसळली, विळ्यावर टणकन आपटली आणि घरंगळत झेंडूत जाऊन बसली.

आईने फुलं बाजूला सारून ती उचलली, निरांजनाजवळ धरून बघितली. "आता सपलं का आनखी हाय?"

"मुद्दाम ठेवली हुती, तुला दाखवायला," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पिस्तुलाला कुंकू लावलं.

तेव्हापासून मी उंबऱ्याबाहेर थांबते. स्लाईड मागे ओढून धरते, आई मोतीबिंदूच्या डोळ्यांनी आत डोकावते आणि "चल" म्हणते. तिला काय दिसतं कोण जाणे. तिने कोणाला काही सांगितलेलं नाही, मीही नाही. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून सकाळी बंबात घालणार आहे. तुम्हाला मात्र एक सांगायला हवं. मी पिस्तूल उचललं ते स्लाईड ओढायला नव्हतं. चाप दाबून तिला नुसता टक आवाज ऐकवावा, म्हणजे खात्री पटेल, असं मनात होतं. बोट चापावर गेलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, आतलं दाव. पिस्तुलाचं तोंड तुमच्या फोटोकडे होतं, आप्पा, आणि फोटोखाली आई बसली होती.