शेजारी कोणी नाही

सर, तुमच्यावर राग आहे म्हणून लिहितोय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आता तुम्ही मला पट्टी मारू शकत नाही.

शाळेत तुम्ही आमच्याकडून फुलदाण्या काढून घ्यायचात, खरी चित्रकला मात्र तुमच्या स्वयंपाकघरात चालायची. गेवराईत कुणी वारलं आणि त्याचा सुटा फोटो घरात नसला, की लोक लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन तुमच्याकडं यायचे. त्यातलं ते एकच माणूस तुम्ही वेगळं काढायचात, मागं नुसता फिका निळा रंग. भिंतीवर टांगून हार घालायला. दहावीत मी रोज तुमच्याजवळ बसतोय, तुमच्या घरच्या, आमच्या खाला, पलीकडं चहा उकळतायत. फोटोत एका वारलेल्या म्हातारीच्या खांद्यावर तिच्या जावेचा हात होता, मी तो बांगड्यांसकट मन लावून रंगवला. तुम्ही भडकलात. "काहून ठेवलास बे हा हात? मेलेल्याच्या खांद्यावर जित्याचा हात ऱ्हात न्हाई. काढ तो." खाला हसल्या, "पोरगं भरतंय अन् तुमी रिकामं करताय." रिकामं करणं मी तिथं शिकलो. लई चांगलं शिकलो, हाच घोळ झाला.

पुढं शहरात चित्रकलेच्या कॉलेजात गेलो. आठवडी बाजाराचं मोठं चित्र घेतलं, चाळीसेक माणसं. मग एकेक उचलत गेलो. आधी पालं आणि टेम्पो गेले, मग भाजीवाल्या, मग गिऱ्हाईकं. शेवटी एक मुलगी उरली, हातात पिशवी, मान जराशी वळलेली, आणि चहूकडं कोरी जागा. ती दिंद्रुड गावची, शहरातच नर्सिंग शिकत होती, आणि तीन वर्षं माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिथले मास्तर म्हणाले, "अर्धवट आहे, बाकीचं भरा." मी म्हणालो, "आधी तुमचं डोकं भरा." कॉलेज सुटलं ते असं.

तेच चित्र घेऊन मी तिला मागणी घालायला तिच्या घरी गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं? कागदाची गुंडाळी सोडली आणि तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. आमच्याकडं असं एकटं माणूस, मागं काही नसलेलं, कुणाचं काढतात हे तुमच्या हाताखाली शिकलेल्या मला सुचलंच नाही! "माझी लेक जिती हाय रे मुडद्या! हार पन आणलास का?" बापानं नुसतं दाराकडं बोट केलं.

दोन दिवसांनी ती गेवराईच्या स्टँडवर भेटली. रडत नव्हती. म्हणाली, "आईचं मी बघते. तू फक्त माझ्या शेजारी स्वतःला काढ. दोघं दिसलो की ती काय म्हणंल?" मी म्हणालो, "चित्र बिघडंल." ती म्हणाली, "मग ठेव तिलाच. मी निघते."

सर, दोन जिवंत माणसं एका चित्रात कशी उभी करायची, हे कधी शिकवलं का तुम्ही? आता मी फ्लेक्सच्या दुकानात बसतो. वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुकांची मुंडकी चिकटवतो, बोटभर जागा मोकळी राहिली तर कार्यकर्ते भांडायला येतात. तिचं लग्न झालं, पाली गावात दिलीय म्हणतात. दोस्तांना मी सांगतो, तिच्या आईनं मोडलं. तुम्हालाही तेच लिहिणार होतो. पण हे पत्र टाकणार कुठं? तुमच्या कबरीवर ठेवलं तर शेळ्या खातील. मग खोटं कशाला.

त्या दिवशी स्टँडवरून घरी येऊन मी कोळशानं तिच्या शेजारी स्वतःला काढलं होतं. खरंच बिघडलं चित्र. तेवढ्यात तिचा फोन आला, दोनदा. हात काळे होते म्हणून उचलला नाही, असं मी स्वतःला सांगतो. आधी मी चित्रातून स्वतःला पुसून घेतलं. तिसऱ्यांदा फोन वाजला नाही.