परत येण्याची कारणं

३ फेब्रुवारी, सोमवार

'ठरलेल्या मुदतीत तुम्ही मायदेशी परत याल, असं आम्ही का मानावं?'

व्हिसाच्या अर्जातला प्रश्न. मला उत्तर येत नाही! पहिलीपासून पदवीपर्यंत एकही प्रश्न कोरा सोडला नाही मी. हा सोडला.

परत येईन, कारण येईन! घर इथे आहे. पण भाड्याचं. नोकरी आहे, शाळेत, पण तात्पुरती. लग्न नाही. जमीन म्हणाल तर कुंडीत आहे तेवढीच.

एजंटला आम्ही हमखासराव म्हणतो. दर वाक्यात एक 'हमखास' असतो म्हणून. आज म्हणाले, "ताई, शाळेच्या पत्रातला 'तात्पुरत्या' शब्द तेवढा गाळून आणा. हमखास काम होईल."

म्हटलं, खोटं लिहिणार नाही.

"अहो, गाळणं म्हणजे खोटं नव्हे."

"मग गाळायची गरज काय?"

बाबांनी कपाळाला हात लावला. घरातली पहिली पदवीधर! कुणाला सांगायचीही सोय नाही आणि लपवायचीही.

रागाच्या भरात अर्जाला जोडायला दोन पानं लिहिली. जग बघणं, माणसाचं मन मोठं होणं, मग ते मोठं मन घेऊन आपल्या माणसांत परतणं वगैरे. हमखासरावांनी ती दोन बोटांत धरून परत दिली. "ताई, हा अर्ज आहे. निबंध नव्हे."

४ फेब्रुवारी, मंगळवार

जायचं कुठे, तर पडद्यावर!

बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. मागच्या भिंतीला रंगवलेला पडदा: निळा तलाव आणि त्याच्यामागे बर्फाचा डोंगर. माझ्या जन्माआधी कुणीतरी कॅलेंडर बघून रंगवलेला. गावातली निम्मी लग्नं, सगळी बाळं आणि पदवीचा झगा घातलेली मी, सगळे त्या डोंगरापुढे उभे राहून गेलोय.

कॉलेजात असताना कळलं की डोंगर खरा आहे. बाबांना कॉम्प्युटरवर दाखवला. नाक स्क्रीनला लागेपर्यंत वाकले. म्हणाले, "हा तर आपला डोंगर!" जसा काही कुणी चोरून नेऊन तिथे ठेवलाय.

तेव्हाच ठरवलं होतं. पगार सुरू झाला की बाबांना तिथे न्यायचं. आता दोघांपुरते पैसे साठलेत.

आई म्हणाली, "जा, दोघं जाऊन या. मला तो रोजच दिसतो."

५ फेब्रुवारी, बुधवार

हमखासराव स्टुडिओत आले. आई एका बाळाचं नाक पुसत होती.

"वहिनी इथेच थांबतायत ना? उत्तम! तीच तुमची हमी. बायको मागे ठेवलेला माणूस हमखास परत येतो."

आई म्हणाली, "म्हणजे मी गहाण."

"छे छे वहिनी, तसं नाही..."

"तसंच आहे. पावती तेवढी जपून ठेवा म्हणावं यांना. सोडवायला विसरतील."

बाबा इतके हसले की बाळ घाबरून रडायला लागलं. फोटो राहिलाच.

तिघांचे पासपोर्ट मागे एकदमच काढले होते. रांगेत एकदाच उभं राहू म्हणून. माझा आणि बाबांचा आता टेबलावर असतो. आईचा कपाटात, कपड्यांखाली.

८ फेब्रुवारी, शनिवार

अर्ज परत! फोटोंमुळे!!

व्हिसा केंद्राच्या खिडकीतल्या बाईनं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. "हा तुमचा आहे?" मग बाबांचा. "हे यांचे धाकटे भाऊ का?"

झालं असं. बाबा कुणाचाच चेहरा आहे तसा बाहेर पाठवत नाहीत. वर्षानुवर्षांची सवय. नवरीच्या पुटकुळ्या, नवऱ्याचे व्रण, सगळं कॉम्प्युटरवर गुळगुळीत करून देतात आणि त्याचे वेगळे पैसेही घेत नाहीत. व्हिसाच्या फोटोतही हात शिवशिवले! माझ्या गालावरचा तीळ गायब. स्वतःच्या टकलावर चार बोटं केस.

"फोटोतली व्यक्ती अर्जदार वाटत नाही," बाई म्हणाली.

"वाटत नाही म्हणजे? जास्त चांगली वाटते!" बाबा म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

घरच्या दारात बाबा फुटले. "आजवर माझा फोटो कुणी परत केला नाही!" आई म्हणाली, "आजवर फोटोशेजारी माणूस उभं करून कुणी बघितलं नाही."

स्टुडिओच्या काचेत लावलेला माझा पदवीचा फोटो आज नीट बघितला. त्यातही तीळ नाहीये! इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा फोटो. मागे साधी पांढरी चादर, चेहरा सरळ, तोंड मिटलेलं. हसायची बंदी.

आता गंमत अशी की गिऱ्हाइकाला हसवणं हेच आईचं काम. बाबा कॅमेऱ्यामागे आणि ती त्यांच्या खांद्याशी. कॉलर सरळ करते, पावडर लावते आणि नेमक्या क्षणी असं काही बोलते की दगडाचेही दात दिसावेत. आज बाबांनी तिला बजावलं, "तू काही बोलायचं नाहीस."

उजेड बघायला आधी तिलाच खुर्चीत बसवलं. खट्! मग मी बसले.

ती बोलली नाही. नुसती उभी राहिली, ओठ घट्ट दाबून. मी फुटले. बाबा ओरडले. मग मी कॅमेरा घेतला आणि बाबा बसले. तिच्याकडे नजर गेली आणि तेही फुटले. शेवटी आईला बाहेर रस्त्यावर उभं केलं आणि आत आम्ही दोघं सुतकी चेहऱ्यानं फोटो काढून मोकळे झालो. ती काचेतून बघत होती.

बाबांचा फोटो मी पहिल्यांदाच काढला. कुणीच काढत नाही त्यांचा. कॉम्प्युटरवर उघडला तर त्यांचा हात आपसूक कपाळाच्या आठ्या पुसायला गेला. मनगट धरलं! "राहू द्या. मला हेच बाबा माहीत आहेत."

तिन्ही फोटो साठवून ठेवले. तीळ आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बूट आणले. बर्फाचे. घरभर घालून फिरतेय. आई म्हणते, घोडा पाळल्यासारखं वाटतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन फोटोंसकट खिडकीत अर्ज घेतला. मुलाखतीची तारीख मिळाली, मार्चची!! हमखासराव म्हणाले, अजून काही बदल असेल तर आठवड्याभरात सांगा, मग यादी बंद.

संध्याकाळी आई पडदा झटकत होती. डोंगराच्या टोकाशी एक ठिगळ आहे, मला माहीतच नव्हतं. म्हणाली, "तू रांगत होतीस तेव्हा धरून ओढलास. टर्रकन फाटला. एवढा बर्फ माझा आहे, बघ." पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके. लांबून खरंच बर्फ वाटतात.

मग एकदम विचारलं, "तिथे बर्फ खरंच असा डाव्या बाजूलाच आहे का गं?"

"बाबा बघून सांगतील," मी म्हटलं.

"हो, ते सांगतील." आणि पुन्हा झटकायला लागली.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलाखतीची तालीम. आई साहेब झाली. बाबांचा चष्मा नाकावर, समोर पावडरचा डबा. कुणी वेडंवाकडं बोललं की डबा आपटायचा.

आधी मी.

"परत का येणार?"

"मी ज्या समाजात शिकले, त्याचं माझ्यावर ऋण..."

डबा. "पुढचा!"

बाबा बसले, गुडघे जुळवून, शाळेतल्या पोरासारखे.

"कशाला चाललात?"

"डोंगर बघायला, साहेब."

"इथे डोंगर नाहीत?"

"आहेत, पण ते आमच्या दुकानात नाहीत."

"दुकान कोण बघणार?"

"बायको."

"तिला का नेत नाही?"

"ती नाही येत कुठे."

"विचारलंत?"

बाबा हसले. "असले प्रश्न तिथे विचारत नाहीत गं."

"ते नाही विचारत. मी विचारतेय."

चष्म्यामागून एकटक बघत होती. बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी बुटांकडे. मग तिनंच डबा आपटला. "मंजूर! चला, कपडे वाळत घालायचेत."

१७ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात पोरं म्हणाली, "बाई, आज ओरडला नाहीत?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऋण, समाज, मोठं मन! दोन पानं लिहिली मी. त्यांत आई कुठे आहे हे आज शोधलं. एकदा आहे. 'घरी आई असल्याने दुकान बंद राहणार नाही.'

खोटं लिहिणार नाही म्हणून एजंटशी भांडले. खरं आहे, काही खोटं लिहिलं नव्हतं. गाळलं होतं.

दुपारी ती एकटी होती तेव्हा विचारलं, "आई, तुला तो डोंगर बघायचाय?"

"वेडी का काय."

"हो की नाही, एवढंच सांग."

बराच वेळ लेन्स पुसत राहिली. आधीच स्वच्छ होती. मग म्हणाली, "बघायचं असं नाही. हात लावून बघायचं होतं. कापसासारखा लागतो की मिठासारखा."

मला अजूनही जायचंय. फार जायचंय. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी फार थोर आहे असं मला वाटायला नको.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी माझा अर्ज मागे घेतला आणि आईचा भरला. फोटो तयारच होता, उजेड बघायला काढलेला, सगळ्या सुरकुत्यांसकट. सही तिनं दोनदा वाचून केली. हमखासराव पहिल्यांदाच 'हमखास' म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले.

बाबांना तिनंच सांगितलं. ते खाली बसले. "मला कसं सुचलं नाही?" आई म्हणाली, "मी तुमच्या बाजूला असते ना. पुढे असलेलं माणूसच दिसतं तुम्हाला."

परत का येणार, त्या रकान्यात तिनं सांगितलं ते लिहिलं. एकच ओळ: 'मुलगी इथे आहे.'

आता गहाण मी. बूट तिला बोटभर मोठे होतात. पुढे कापूस कोंबलाय.