सुनीताकाकूला दिलेलं मत

मंगळवार, मतदानाची संध्याकाळ

सकाळी कटिंगच्या दुकानात माझा दोस्त गजाननने मोबाइल पुढं केला. त्यातल्या व्हिडिओत दंड फुगवलेला माणूस ओरडत होता, "खरा मर्द बाईला मत देत नाही!" सगळे हसले. मीही हसलो. काहून हसलो? महिनाभर तेच दंड पाहून मलाही पटत चाललं होतं.

सरपंचपदाला गल्लीतल्या सुनीताकाकू उभ्या आहेत. बायको बाळंतपणात अडली, तेव्हा पुरातून ट्रॅक्टर काढून त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं. मी नुसता रडत होतो. तेव्हा कुठं होते हे दंडवाले?

मत देऊन बाहेर आलो.

"कोणाला दिलं रे?" गजाननने सगळ्यांसमोर विचारलं.

"काकूला."

"बायल्या झाला तू!"

"व्हय, झालो. लेकरू जितं हाय माझं. तुला काय म्हणायचं ते म्हण."

घरापर्यंत ताठ मानेनं चालत आलो.