खोटे चार दिवस

माय, परवा घरात पुन्हा तोच शब्द निघाला. गॅसवरचं दूध तुझ्या जावयाच्या डोळ्यांदेखत उतू गेलं, म्हणून मी आवाज चढवला. तर तो सासूबाईंना म्हणतो, "राहू द्या, तिचं हार्मोनल आहे." जसं काही दूध उतू गेलंच नव्हतं.

हा शब्द माझ्याआधी तू ऐकला होतास. मी सतराची झाले तरी पाळी धड येत नव्हती, म्हणून तू मला दवनीवाड्याहून गोंदियाला डॉक्टरीणबाईंकडे नेलंस. तपासणी झाल्यावर मला बाहेर बाकावर बसवलंस. तू बाहेर आलीस तेव्हा तुझं तोंड उतरलेलं होतं. "रगत कमी आहे तुया आंगात," एवढंच म्हणालीस. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या मी रक्ताच्या समजून घेत राहिले. स्थळं यायला लागली तशा तू त्याही बंद केल्यास, कुणाच्या नजरेस पडतील म्हणून. आणि दर महिन्याला मला चार दिवस दाराबाहेरच्या छपरीत बसवू लागलीस, विटाळ नसताना.

"मले काई झालं नाई, मंग काऊन बसू?"

"बस म्हनलं त बस. गल्लीतल्या बाया पायत रायतेत."

पाण्याला जाणाऱ्या बाया मला बघायच्या आणि पोरगी वेळच्या वेळी बसते, हे गावभर व्हायचं. लग्न जमलं, झालं. वर्षभरात तू गेलीस.

मूल होईना म्हणून मी त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला तेव्हाच सांगितलं होतं, हे हार्मोनल आहे, गोळ्या मधेच सोडू नका. किती वर्षं वाया घालवली तुम्ही." मी अर्थ विचारला. शरीरातल्या ग्रंथी रक्तात जे रस सोडतात, त्यांच्याशी संबंधित ते हार्मोनल. एवढंच. यात लाजण्यासारखं काय होतं, माय? सांगितलं असतंस तर मी लपूनछपून गोळ्या घेतल्या असत्या. तू गावाला फसवलंस ते मी समजू शकते. पण तू मला फसवलंस. माझ्याच शरीराची गोष्ट माझ्यापासून लपवलीस, आणि आता ज्याला हवा तो हा शब्द माझ्यावर वापरतो. राग आला तरी हार्मोनल, रडू आलं तरी हार्मोनल. पाळणा काही हलला नाही तो नाहीच.

हे सगळं तुला सुनावायचं म्हणून लिहायला बसले, आणि छपरी आठवली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तू शेतातल्या बांधीतून चिखलाच्या पायांनी येते आहेस, मला बसल्या जागी गरम भात आणि लाखोळीचं वरण आणून देते आहेस. दुपारी गल्ली सामसूम झाली की माझ्या डोक्याला तेल लावून वेणी घालते आहेस, कारण विटाळ नाही हे आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. एरवी तुला माझ्याकडे बघायलाही सवड नसायची.

हे पत्र कुठे पाठवणार मी. पण तुझ्यावर मनासारखं रागावताही येत नाही, माय. त्या खोट्या चार दिवसांची मी महिनाभर वाट बघायचे.